शिमुराने 'इकिरू'ची वाट बघितली नव्हती

तुझा प्रश्न वाचून दोन दिवस झाले, पण घाईत उत्तर देण्यासारखा तो नाहीये म्हणून आज निवांत बसून लिहितोय. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. हा मुलगा २६ वर्षांचा आहे, एकांकिका स्पर्धांमधून आलाय, दोन वर्षं सिरीयलमध्ये इन्स्पेक्टर, वकील, नायिकेचा काका असे दोन-तीन दिवसांचे रोल करतोय. त्याने एका आठवड्यात 'इकिरू' हा जुना जपानी पिक्चर पाहिला, पुढच्या आठवड्यात 'सेव्हन सामुराय', आणि दोन्हीतला मुख्य माणूस एकच आहे हे त्याला नावं वाचेपर्यंत कळलंच नाही. तो नट म्हणजे ताकाशी शिमुरा. आता प्रश्न असा की या माणसाने हे केलं कसं, 'इकिरू'सारखा रोल त्याला ४७ व्या वर्षी मिळाला तर आपणही थांबून राहायचं का, आणि छोटे रोल घेत राहिलो तर शिक्का बसतो म्हणतात ते खरं का.

मी २७ वर्षं कॅरॅक्टर रोल करतोय, आधी नाटकात आणि मग जास्त करून सिरीयलमध्ये. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. शिमुराचे मिळतील तेवढे पिक्चर मी बघितलेत, काही तर दहा-बारा वेळा, कारण मला शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं.

तू तीन प्रश्न विचारलेस पण मला त्यात एकच दिसतो. तुला आत्ता जे काम मिळतंय ते खरं काम आहे की खऱ्या कामाच्या आधीची वेटिंग रूम आहे, हे तुला ठरवता येत नाहीये. शिमुराकडे तू वाट बघून जिंकलेला माणूस म्हणून बघतोयस आणि इथेच माझं तुझ्याशी जमत नाही, कारण तो वाट बघत नव्हता. ते कसं ते सांगतो.

शिमुरा १९०५ चा, ह्योगो प्रांतातल्या इकुनो नावाच्या खाणीच्या गावातला. ओसाकात कॉलेजला असताना घरची परिस्थिती बदलली म्हणून दिवसा महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी आणि रात्री वर्ग असं करायला लागला, त्यात नाटकाचा नाद लागला, तालमींपायी दांड्या वाढल्या आणि नोकरी गेली. मग फिरत्या नाटक मंडळ्या. त्याच सुमाराला बोलपट येऊ घातले होते, बोलायची सवय असलेल्या नाटकवाल्यांना आता काम मिळेल असं त्याने ओळखलं आणि क्योटोच्या स्टुडिओत शिरला. पडद्यावर पहिलं काम १९३४ साली. दोन वर्षांनी मिझोगुची या दिग्दर्शकाच्या 'ओसाका एलिजी'त पोलीस इन्स्पेक्टर. म्हणजे तू आत्ता जे करतोयस तेच, तेही तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असताना.

पुढे निक्कात्सु कंपनीत पाच-सहा वर्षांत शंभराच्या आसपास पिक्चर. शंभर! त्यातले बहुतेक आता बघायलाही मिळत नाहीत. पण एक मिळतो, १९३९ चा 'सिंगिंग लव्हबर्ड्स', तो नक्की बघ. सगळे गाणी म्हणतायत असा मजेदार तलवारबाजीच्या काळातला पिक्चर आहे, आणि शिमुरा त्यात नायिकेचा बाप, कागदी छत्र्या बनवणारा, जुन्या वस्तूंच्या वेडाने घर रिकामं करणारा. तो गातो, आणि चांगलं गातो, मोकळा गळा आहे. तेव्हा त्याचं वय ३४. लग्नाच्या मुलीचा बाप, ३४ व्या वर्षी. २६ व्या वर्षी काका करायला लागतोय म्हणून तू वैतागलायस ना, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता या गाण्याचा धागा धर आणि 'इकिरू' आठव. पोटाचा कॅन्सर झालेला वातानाबे बारमध्ये ते जुनं गाणं म्हणतो, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, आणि आजूबाजूचे हळूहळू गप्प होतात. ज्याला गाता येतं त्याने न गाता म्हटलंय ते. मी तो सीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं की बिचाऱ्याला गाता येत नाही म्हणून असं झालं असेल, छत्रीवाला बाप खूप नंतर पाहिला आणि मग कळलं की १३ वर्षांपूर्वी मोकळा केलेला गळा त्याने इथे मुद्दाम आवळलाय. असं सोडून द्यायला आधी हातात काहीतरी असावं लागतं, आणि ते त्या शंभर पिक्चरांत जमा झालं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच काळात त्याला जपानच्या खास पोलिसांनी उचललं होतं, तरुणपणी डाव्या विचारांच्या नाटकवाल्यांशी संबंध होता म्हणून. तीनेक आठवडे आत होता, बायको आणि एक सहकारी नट जामीन राहिले तेव्हा सुटला. युद्ध संपल्यावर १९४६ साली कुरोसावाच्या, म्हणजे तू पाहिलेल्या दोन्ही पिक्चरांच्या दिग्दर्शकाच्या, 'नो रिग्रेट्स फॉर अवर यूथ'मध्ये त्याने काय केलं, तर त्याच खास पोलिसातला अधिकारी. छोटा रोल आहे. पण तो माणूस ओरडत नाही, दातओठ खात नाही, समोरच्याला कसलीच घाई नसल्यासारखा बघतो. हे लिहून देता येत नाही कोणाला. आपला इन्स्पेक्टर करताना आपण कुठल्या तरी दुसऱ्या पडद्यावरच्या इन्स्पेक्टरची कॉपी मारतो, त्याने समोर बसलेला खरा माणूस आणून उभा केला.

कुरोसावाबद्दल सगळे बोलतात, मी थोडक्यात उरकतो. १९४३ चा पहिला पिक्चर 'सान्शिरो सुगाता' ते १९८० चा 'कागेमुशा', कुरोसावाच्या ३० पैकी २१ पिक्चरांत शिमुरा आहे, त्याचा गाजलेला हिरो मिफुने १६ मध्ये. लोकांना उलटंच वाटतं कायम. मिफुने दिसतो, शिमुरा दिसत नाही, म्हणून.

आणि हाच तुझ्या 'कसं केलं'चा गाभा आहे. जपानीत सहाय्यक भूमिकेला वाकियाकु म्हणतात, वाकि म्हणजे बाजू. त्यांच्या जुन्या नो नाटकात वाकि नावाचा एक नट असतोच. मुख्य नट मुखवटा घालतो, वाकि घालत नाही, तो बहुतेक वेळा प्रवासी भिक्षू वगैरे असतो, मुख्य पात्राला काहीतरी विचारतो आणि मग आपल्या खांबापाशी जाऊन बसतो आणि ऐकतो. पुष्कळ वेळ ऐकतो. तो ऐकतोय म्हणून समोरच्याची कथा बाहेर येते. शिमुरा नो शिकला होता असं मी म्हणत नाहीये, पण त्याचं काम बघताना मला दरवेळी तो खांबापाशी बसलेला माणूस आठवतो.

'सेव्हन सामुराय'मध्ये मिफुनेचं ते गाजलेलं भाषण आहे बघ, शेतकऱ्यांनी लपवलेली चिलखतं सापडतात आणि तो सामुरायांवरच उखडतो, शेतकरी लबाड आहेत पण त्यांना तसं केलं कोणी, तुम्हीच. सगळे नट तो सीन मिफुनेसाठी बघतात, मीही बघायचो. पुढच्या वेळी फक्त शिमुराकडे बघ. तो जवळजवळ काहीच करत नाही. भाषण संपतं, त्याच्या डोळ्यांत पाणी असतं, आणि तो एवढंच विचारतो की तू शेतकऱ्याचा मुलगा आहेस ना. एक वाक्य. तोपर्यंत तो आरडाओरडा वाटत असतो, या वाक्यानंतर ती एका अनाथ पोराची गोष्ट होते. मिफुनेच्या भाषणाला अर्थ शिमुराच्या कानातून मिळतो असं मला वाटतं.

आता रूप बदलण्याबद्दल, कारण तुला ओळखूच आला नाही म्हणालास. 'इकिरू' ऑक्टोबर १९५२ चा, 'सेव्हन सामुराय' एप्रिल १९५४ चा, मध्ये दीड वर्ष. आणि त्याच १९५४ च्या नोव्हेंबरात 'गॉडझिला', त्यात तो प्रोफेसर यामाने. तिन्ही मेकअपने झालेलं नाही. नीट बघितलंस तर दिसेल की प्रत्येक माणसासाठी त्याने शरीरातली एकच जागा धरलीय. वातानाबेची मान, ती खांद्यांत गेलेली आहे, त्यामुळे वाक्यं बाहेरच येत नाहीत, अर्ध्यावर तुटतात. 'सेव्हन सामुराय'मधल्या काम्बेईचं डोकं, पोराला सोडवायला भिक्षूचं सोंग घ्यावं लागतं म्हणून केस उतरवतो आणि मग पूर्ण पिक्चरभर त्या टकलावर हात फिरवत राहतो, अवघडला की फिरवतो, हसू आलं की फिरवतो, विचार करताना फिरवतो. शेंडी कापणं म्हणजे सामुरायची इज्जत काढून ठेवणं, तो हात प्रत्येक वेळी त्या गेलेल्या गोष्टीवर जातो पण तो ते कधी जाणवून देत नाही. आणि यामानेची नजर. गॉडझिलाला मारू नका, अभ्यास करा असं म्हणणारा तो एकटाच, कोणी ऐकत नाही म्हणून अंधार करून खोलीत बसून राहतो. रबरी सूट घातलेला माणूस आणि खेळण्यातलं शहर, याच्यावर आपण आजही विश्वास ठेवतो तो बराचसा शिमुराच्या चेहऱ्यामुळे. शूटिंगला समोर काहीही नसताना तो डोंगरामागे बघतो आणि आपल्यालाही बघावं लागतं. सिरीयलमध्ये हिरवा पडदा लागतो तेव्हा मला अजून हेच आठवतं.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. पहिल्या मोठ्या सिरीयलमध्ये मला गावातल्या डॉक्टरचा रोल होता, मी त्याला चष्मा दिला, खोकला दिला, पाय ओढत चालायला लावलं, बोलताना पेन टकटक करायची सवय दिली. दिग्दर्शक चार दिवस काही बोलला नाही. पाचव्या दिवशी एडिटरने मला मॉनिटरवर दाखवलं की प्रत्येक सीनमध्ये माझ्यावरून कट दुसरीकडे गेलाय, कारण माझा हात दर टेकला वेगळ्या ठिकाणी होता आणि कंटिन्युइटी जुळतच नव्हती. त्या दिवशी मी सगळं काढून टाकलं आणि फक्त एक ठेवलं, पेशंट बोलत असताना डॉक्टर लिहायचं थांबवतो. बस. तीन आठवड्यांचा रोल सात महिने चालला. दरवेळी असं होईल असं नाही, सिरीयलचा रोल टीआरपीवर आणि लेखकाच्या गरजेवर जगतो मरतो, पण तुला काय करायचं ते कळावं म्हणून सांगितलं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर तू शिमुराचं उदाहरण घेऊन चुकीचा हिशोब मांडशील. त्याच्या काळात स्टुडिओ नटाला करारावर बांधून ठेवायचा. एकाच तोहो कंपनीने 'सेव्हन सामुराय' पण काढला आणि 'गॉडझिला' पण, शिमुरा दोन्हीकडे होता. काम शोधायला त्याला फिरावं लागत नव्हतं. तुझं तसं नाही, पर डे वर काम, चेक ९० दिवसांनी, आणि ट्रॅक संपला की फोन बंद. म्हणून मी शिमुरासारखं मन लावून काम कर असं म्हणेन, पण शिमुरासारखं निर्धास्त राहा असं म्हणणार नाही. भाडं निघेल असं दुसरं काहीतरी हातात ठेव, डबिंग असेल, वर्कशॉप असतील. त्यात कमीपणा नाही.

पण सगळं कंपनीचं श्रेय होतं असंही नाही. १९४९ ते ५१ मध्ये तोहोतल्या संपांच्या गोंधळामुळे कुरोसावा बाहेरच्या तीन कंपन्यांकडे काम करत होता, 'स्ट्रे डॉग' एकीकडे, 'राशोमोन' दुसरीकडे, 'स्कँडल' तिसरीकडे. शिमुरा प्रत्येकात आहे. म्हणजे दिग्दर्शकाला तो लागत होता. आपल्याकडे आज करार नाहीत पण हे अजून चालतं, चार-पाच दिग्दर्शक असे असतात की ज्यांना तू सेटवर असलास की एक काळजी कमी होते. माझं अर्ध्याहून जास्त काम अशा चार लोकांकडून आलंय, ऑडिशनमधून फार कमी.

शिक्का बसतो का? बसतो. खोटं कशाला सांगू. पण शिक्का रोलच्या लांबीने बसत नाही, तू दोन इन्स्पेक्टर सारखेच केलेस तर बसतो. शिमुराचे ओळीने बघ: 'ड्रंकन एंजल'चा दारुडा, तापट डॉक्टर, 'स्ट्रे डॉग'चा म्हातारा होत आलेला डिटेक्टिव्ह जो संशयित बाईबरोबर बसून आइस कँडी खातो आणि गप्पा मारता मारता माहिती काढतो, 'राशोमोन'चा लाकूडतोड्या, 'स्कँडल'चा लाच खाणारा वकील. सगळे मध्यमवयीन, साधारण दिसणारे, थकलेले पुरुष. कागदावर एकच माणूस. अडीच वर्षांतले हे चार रोल आणि चारही वेगळे, कारण तो दरवेळी या माणसाला लाज कशाची वाटते हे वेगळं शोधतो. हे माझं वाचन आहे, त्याने कुठे असं सांगितलंय म्हणून नाही. पण मला हा प्रश्न फार उपयोगी पडलाय. तुझ्या पुढच्या वकिलाला हा प्रश्न विचारून बघ.

आणि आता तो भाग ज्यासाठी मी खरं हे सगळं लिहायला बसलो. 'इकिरू' आणि 'सेव्हन सामुराय' झाल्यावर शिमुराचं काय झालं? आपल्या हिशोबाने तो आता हिरो व्हायला हवा होता. लगेच १९५५ साली कुरोसावाने 'आय लिव्ह इन फिअर' काढला, त्यात अणुबॉम्बच्या भीतीने घरदार विकून ब्राझीलला निघालेला म्हातारा आहे. ५० वर्षांचा शिमुरा समोर असताना तो म्हातारा ३५ वर्षांच्या मिफुनेने केला. शिमुरा त्यात दातांचा डॉक्टर आहे, कौटुंबिक कोर्टात पंच म्हणून बसतो आणि त्या म्हाताऱ्याचं ऐकतो. पुन्हा खांबापाशी. आणि तो रोल बघ, पिक्चर संपेपर्यंत म्हाताऱ्याची भीती त्या डॉक्टरमध्ये उतरलेली असते, आणि त्याच्यामार्फत आपल्यात. पुढे 'योजिम्बो'त दारूचा व्यापारी, 'हाय अँड लो'मध्ये तपासाचा मुख्य अधिकारी, दोन-चार सीन. त्यात कुठेही हा माणूस खाली आलाय असं वाटत नाही. त्याला बहुतेक ती वर-खालीची शिडीच दिसत नसावी.

नंतर काळ वाईट आला. जपानमध्ये १९५८ साली सिनेमाची ११२ कोटी तिकिटं खपली होती, १९७० पर्यंत ती २५ कोटींवर आली, टीव्हीने थिएटरं रिकामी केली. स्टुडिओंनी करार सोडले, मोठमोठे नट टीव्हीकडे वळले, शिमुराही वळला. कॅरॅक्टर नटाला हा बदल हिरोपेक्षा कमी लागला असं मला वाटतं, कारण बाप, न्यायाधीश, म्हातारा शेजारी हे लहान पडद्यालाही लागतातच.

त्या काळातला त्याचा एक रोल मला 'इकिरू'इतकाच मोठा वाटतो आणि तो फार कोणी सांगत नाही. दिग्दर्शक योजी यामादाची तोरा-सान नावाच्या पात्राच्या पिक्चरांची मालिका, जपानमध्ये घराघरात माहीत असलेली. तोराच्या बहिणीचा नवरा हिरोशी, त्याचं वडिलांशी वर्षानुवर्षं बोलणं नाही, ते वडील म्हणजे शिमुरा. १९६९ च्या पहिल्या पिक्चरमध्ये ते अचानक मुलाच्या लग्नाला येतात आणि सगळ्यांना वाटतं आता काहीतरी वाईट होणार. बोलायला उभे राहतात आणि बोलतच नाहीत. किती वेळ. मग कसंबसं मुलाची माफी मागतात. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम नसेल. दोन वर्षांनी आठव्या पिक्चरमध्ये तेच वडील, आता बायको गेलेली, तोराला एका संध्याकाळची आठवण सांगतात, प्रवासात वाट चुकले असताना एक शेतकऱ्याचं घर दिसलं, अंगणात जांभळी फुलं फुललेली, आत दिवा लागलेला आणि घरातली सगळी जेवायला बसलेली. आपल्या आयुष्यात आपण हे केलंच नाही असं त्यांना तेव्हा वाटलं. काहीही घडत नाही त्या सीनमध्ये. दोन माणसं बसलीयत आणि एक बोलतोय. पण यावेळी ऐकणारा तोरा आहे, आणि बोलणारा असा माणूस आहे ज्याने ३५ वर्षं इतरांचं ऐकलंय, आणि मला ते त्या आवाजात ऐकू येतं.

शेवटी कुरोसावाने १५ वर्षांच्या खंडानंतर 'कागेमुशा'त त्याला पुन्हा घेतलं. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता आणि तब्येत चांगली नव्हती. जपानबाहेर आधी जी प्रत दाखवली गेली त्यात त्याचा प्रसंग कापलेला होता, त्यामुळे बाहेरच्या अनेकांना तो पिक्चरमध्ये आहे हेच माहीत नव्हतं. फेब्रुवारी १९८२ मध्ये तो गेला. दोनशेच्या वर पिक्चर, त्यातले खऱ्या अर्थाने लीड बोटांवर मोजण्याइतके.

तेव्हा 'थांबू का' याचं माझं उत्तर नाही असं आहे. हिरोचा रोल येईपर्यंत छोटे रोल नाकारत बसशील तर गळाच तयार होणार नाही, आणि उद्या चुकून तुझा 'इकिरू' आलाच तर सोडून द्यायला हातात काही नसेल. पण येईल ते सगळं घे असंही म्हणत नाही. मी दोन गोष्टी बघतो, ज्या सीनमध्ये मी आहे तिथे माझं पात्र नसेल तर काही बिघडतं का, आणि समोरचा नट ऐकणारा आहे का. दोन्हीचं उत्तर नाही असेल आणि पैशाचीही तेवढी नड नसेल तर सोडतो.

बघायचा क्रम विचारलास, तर 'सिंगिंग लव्हबर्ड्स', मग 'स्ट्रे डॉग', मग 'इकिरू' परत, मग 'आय लिव्ह इन फिअर', मग तोरा-सानचा पहिला आणि आठवा. 'सेव्हन सामुराय' सगळ्यात शेवटी परत बघ, साडेतीन तास आहे, सुट्टीच्या दिवशी बस. एकदा फक्त त्याचा हात टकलावर कधी जातो तेवढं लिहून काढ.

आणि तो पुढच्या आठवड्यातला चार दिवसांचा न्यायाधीशाचा रोल, ज्याबद्दल तू शेवटी विचारलंयस, तो घे. न्यायाधीश म्हणजे चार दिवस बसून ऐकायचंच काम आहे. नायिकेचा क्लोज-अप लागेल तेव्हा प्रॉडक्शनवाले तुला म्हणतील की तुम्ही मेकअप रूममध्ये बसा, क्यू, म्हणजे तिच्या आधीची तुमची वाक्यं, असिस्टंट देईल. जाऊ नकोस. कॅमेऱ्याच्या शेजारी, तिच्या नजरेच्या रेषेत उभा राहा आणि क्यू तूच दे. चार दिवसांनी इथे येऊन सांग काय झालं ते.